तेरखेड्याहून पाहताना: नामवंत माणसे आणि निसर्गसंवर्धन

नामवंत माणसे निसर्गरक्षणाच्या कामात उतरल्याने नेमके काय साधते, हा प्रश्न अनेकांना हलका वाटतो. सिनेमातला चेहरा फलकावर झळकतो, रोप लावतानाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते आणि गोष्ट तिथेच संपते, असा सर्वसाधारण समज आहे. वाचकांनी ही शंका सोडून द्यावी असे मी म्हणणार नाही. ती सोबत घेऊनच या विषयात यावे. मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या दुष्काळी पट्ट्यात जे घडले, ते एकदा जवळून पाहावे, एवढी विनंती आहे.

पाहण्यासाठी तेरखेडा ही जागा चांगली आहे. वाशी तालुक्यातले हे गाव धुळे-सोलापूर महामार्गावर, बालाघाटाच्या डोंगराळ मुलखात वसले आहे. उत्तरेला बीडजवळचे पालवण, दक्षिणेला येरमाळ्यापलीकडे येडशीचे अभयारण्य आणि जिल्ह्याची सीमा ओलांडली की बार्शी तालुक्यातले सुर्डी. या विषयातली तीन महत्त्वाची ठिकाणे अशी हाताशी आहेत.

आपल्याकडे ही परंपरा सिनेमापेक्षा जुनी आहे. गाडगेबाबांचे नाव ऐकून गावोगावची माणसे कीर्तनाला जमत आणि बाबा आधी हातात खराटा घेऊन गाव झाडत. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने स्वतः हात मळवले की कामाची पत बदलते, हे मराठी माणसाने तेव्हाच पाहिले होते.

ही पत बदलणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी १९७२ आठवावे लागते. त्या दुष्काळात लाखो माणसांनी खडी फोडली, माती उपसली. त्या कामाने माणसे जगली, पण कुदळ-फावडे हातात घेणे म्हणजे नाइलाज, ही आठवण घराघरांत रुजून राहिली. त्यानंतर २०१६ उजाडले. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच उन्हाळ्यात आमीर खान आणि किरण राव यांच्या पानी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धेची सुरुवात केली. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते. २०१९ पर्यंत ही संख्या ७६ झाली. गावातून निवडलेली माणसे प्रशिक्षण घेऊन परतत आणि ऐन एप्रिल-मेच्या उन्हात शिवारात श्रमदान सुरू होई. माथा ते पायथा या क्रमाने आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, मग दगडी बांध, खाली शेतांची बांधबंदिस्ती आणि नाल्याची कामे. आपला काळा पाषाण पाणी सहज मुरू देत नाही. ते झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते. म्हणून धावते पाणी वरच अडवण्याला इथे फार महत्त्व आहे. २०१९ मध्ये पहिले बक्षीस सुर्डीला मिळाले, ७५ लाख रुपयांचे. पण माझ्या मते मोठी गोष्ट निराळी होती. तीच कुदळ आता मिरवण्याची वस्तू झाली. शहरातली माणसे १ मे रोजी महाश्रमदानाला येऊ लागली, आणि गावातल्या स्त्रिया रात्रीच्या चांदण्यातही चर खोदायला निघाल्या. अभियंत्याच्या आराखड्याला हे साधत नाही. ओळखीच्या चेहऱ्याची खरी किंमत इथे दिसते.

अभिनेते सयाजी शिंदे यांचे काम वेगळ्या जातीचे आहे आणि मला ते अधिक जवळचे वाटते. सह्याद्री देवराईच्या माध्यमातून त्यांनी पालवणच्या उजाड डोंगरावर देशी झाडे उभी केली. तिथेच फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरले, आणि संमेलनाध्यक्षपदाचा मान वडाला दिला गेला. ज्या समाजाला साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदाचे एवढे अप्रूप आहे, त्याच्याशी त्याच्याच रीतीने बोलण्याची ही कल्पना फार मोलाची आहे.

येडशीची गोष्ट आणखी निराळी. २०१५ मध्ये महाराष्ट्राने अमिताभ बच्चन यांना व्याघ्रदूत नेमले, तेव्हा आपल्या भागातल्या माणसाला वाघ म्हणजे विदर्भाचा विषय वाटे. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक नर वाघ येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. त्याला रामलिंग हे नाव मिळाले आणि तोच जिल्ह्यातला सर्वांत प्रसिद्ध जीव ठरला. ज्याची गाय त्याने मारली त्या शेतकऱ्याला मात्र दूताचे शब्द पुरत नाहीत. त्याचा पंचनामा वेळेवर व्हावा लागतो.

इथे या विषयाची कठीण बाजू येते. डॅन ब्रॉकिंग्टन या अभ्यासकाने २००९ मध्ये प्रसिद्ध व्यक्ती आणि पर्यावरण या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. प्रसिद्धीचा झोत निसर्गावर पडतो तेव्हा त्या निसर्गात राबणारी माणसे चित्राबाहेर राहू शकतात, हा या टीकापरंपरेतला कळीचा मुद्दा आहे. तेरखेड्याला तो समजावून सांगावा लागत नाही. हे गाव मराठवाडाभर फटाक्यांसाठी ओळखले जाते. दरवर्षी दिवाळीला नामवंत मंडळी फटाके टाळण्याचे आवाहन करतात. हवा आणि कानांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ज्यांची चूल या दारूवर पेटते त्यांच्यासाठी त्या आवाहनात एकही वाक्य नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कमी प्रदूषणाच्या हरित फटाक्यांची वाट दाखवली, आणि त्यांचे संशोधन आपल्याच नागपूरच्या नीरी संस्थेत झाले. एखाद्या लोकप्रिय अभिनेत्याने हे तंत्र शिकणाऱ्या कारागिराशेजारी उभे राहून बोलावे, अशी माझी फार इच्छा आहे.

जलसंधारणाबद्दलही असेच काही विचारायला हवे. अडवलेले पाणी उसाला गेले तर विहिरी पुन्हा कोरड्या पडतात. श्रमदानाची गाणी ओठांवर बसतात, पीक बदलण्याचा निर्णय मात्र प्रत्येक घरात वेगळा होतो. म्हणूनच स्पर्धा संपल्यानंतरची वर्षे अभ्यासाला अधिक मोलाची आहेत.

तेव्हा नव्या वाचकाने पुस्तकांपासून सुरुवात केली नाही तरी चालेल. तुम्ही मार्चअखेरीस निघा, विहिरींचे तळ दिसू लागतात तेव्हा. पालवणच्या उतारावर कोणती झाडे जगली आणि त्यांना पाणी कोण घालते ते विचारा. सुर्डीत चरांतला गाळ शेवटचा कधी काढला, तो कुणी काढला आणि यंदा कोणते पीक घेतले, याची चौकशी करा. येडशीला गुराख्यांशी बोला. पाहुणे येऊन गेले त्या दिवसाच्या आठवणी लोक आपणहून सांगतील, त्या आनंदाने ऐका. आणि मग वहीचे पान उलटून दुसऱ्या दिवशी कामावर कोण आले होते, त्यांची नावे लिहून घ्या.