एका खुर्चीचे दोन पगार

अनुवादाच्या कामासाठी मी तिरुप्पनंदाळला राहते. गावाची ओळख काशी मठाची. बसने तासाभराच्या आत कुंभकोणम येतं, आणि माझा ओढा तिथल्या मराठी दिवाणांकडे.

तंजावरच्या मराठी राज्यामुळे इथे रुजलेल्या देशस्थ घरांनी किती संस्थानं चालवली! सर टी. माधवराव (जन्म १८२८, कुंभकोणम) त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण. त्यांचे नातलग रघुनाथराव इंदूरला. पुढच्या पिढीतले व्ही. पी. माधवराव त्रावणकोर, म्हैसूर, बडोद्याला. आपण हे अभिमानाने सांगतो. पण ही माणसं घर सोडून एवढी लांब का गेली, हे सहसा विचारत नाही. ब्रिटिश मुलखात कलेक्टरची खुर्ची करारबद्ध मुलकी नोकरांसाठी राखीव होती, आणि त्या नोकरीची परीक्षा लंडनला. रघुनाथराव मद्रास इलाख्यात डेप्युटी कलेक्टर होते. दिवाणपद मिळालं ते संस्थानात.

पगाराचं गणितही तसंच. गोऱ्या अधिकाऱ्याला परदेशी राहण्याचा मोबदला हवा, एतद्देशीय माणूस घरीच असतो, म्हणून त्याला कमी पुरे, असा तो युक्तिवाद. जगदीशचंद्र बोस १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले तेव्हा हिंदी प्राध्यापकाला युरोपीयाच्या दोन तृतीयांश पगार होता. त्यांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे गोखल्यांनी सरकारचेच आकडे ठेवले: वर्षाला १०,००० रुपये वा अधिक मिळवणारे २,३८८ अधिकारी, त्यांत हिंदी फक्त ६०. हे सांगणारे गोखले फर्ग्युसनमध्ये महिना ७५ रुपयांवर शिकवत होते.

१९१२ च्या इस्लिंग्टन आयोगावर ते स्वतः सदस्य झाले. अहवाल छापून येण्याआधीच, १९१५ मध्ये, ते गेले. योग्य माणूस मिळेल आणि मोहापासून दूर राहून आब राखून जगेल एवढंच द्यावं, हे त्या आयोगाचं सूत्र. सूत्र वाईट नाही. पण ‘योग्य माणूस’ कोण आणि त्याचा ‘आब’ केवढा, हे ठरवायला बहुतेक साहेबच बसले होते.

१९४६ च्या वरदाचारियार वेतन आयोगाने किमान वेतनाचा विचार पुढे आणला: तळाला ५५ रुपये, वर २,०००. मात्र जुन्या आयसीएस अधिकाऱ्यांच्या सेवाशर्ती राज्यघटनेच्या ३१४ व्या कलमाने जशाच्या तशा राखल्या. सरदार पटेलांचा आग्रह होता की दिलेला शब्द पाळावा. मला तो पटतो. परिणाम असा की, साहेब गेल्यावरही सचिवाच्या एकाच खुर्चीत आयसीएस बसला तर एक पगार, नवा आयएएस बसला तर त्याहून कमी. ते कलम निघालं १९७२ च्या अठ्ठाविसाव्या घटनादुरुस्तीने.