जुन्या मोटारींचे कांटे आणि तबकड्या

आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारा मोटारी येण्यापूर्वीं मुख्यतः समुद्रमार्गानें मुंबईशीं जोडलेला होता. देवगड, मालवण, वेंगुर्लें या बंदरांस आगबोटी येत. आगबोटीच्या बाष्पपात्राचा दाब ज्या जातीच्या कांट्यावर पाहात, त्याचाच वंशज पुढें मोटारीच्या डॅशबोर्डावर येऊन बसला. फ्रान्समधील यूजेन बूर्दाँ यानें 1849 सालीं ही युक्ति काढली. वाकविलेल्या पोकळ नळींत दाब वाढला कीं ती सरळ होऊं पाहते व तिच्या टोकास जोडलेला कांटा फिरतो. पुष्कळ जुन्या मोटारींत इंजिनाच्या तेलाचा दाब याच नळीनें कळतो.

वेगदर्शकाची कथा निराळी. ओटो शुल्त्से या जर्मन संशोधकानें 1902 सालीं त्याचें पेटंट घेतलें. गाडीच्या चालीबरोबर फिरणारी लवचिक तार एक लोहचुंबक फिरविते, चुंबक धातूच्या वाटीस ओढ लावतो आणि बारीक कमान ती ओढ तोलून धरते. पेट्रोलाचा कांटा सर्वत्र रूढ होण्यास तर बराच काळ लागला. 1908 सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ मोटारींत बैठक उचलून टाकींत काठी बुडवावी लागे.

किनाऱ्यावरील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनीं या यंत्रांचे पत्रे गंजतात, तारांचीं टोकें हिरवीं पडतात. मग तीं काढून बदलण्याचा प्रसंग येतो. प्रथम बॅटरीची तार सोडवावी, कारण विद्युत्प्रवाह दाखविणाऱ्या कांट्यांतून स्टार्टरखेरीज गाडीचा बहुतेक सर्व प्रवाह जात असतो. उष्णतादर्शकाची बारीक नळी आंत द्रव भरून बंद केलेली असते. ती तुटली, तर आंबोलीच्या घाटांत इंजिन तापत असतां कांटा स्वस्थ पडून राहील. कांहीं जुन्या तबकड्यांवर अंधारांत चकाकणारा रेडियमचा लेप असे. चकाकी गेली तरी त्याचे अपायकारक किरण टिकून राहतात, कारण रेडियम निम्मे होण्यास सुमारें 1600 वर्षें लागतात. असे अंक खरवडूं नयेत.

यापुढील प्रश्न मात्र केवळ कारागिरीचा नाहीं. 1956 सालच्या वजनमापांच्या कायद्यानें भारतानें मेट्रिक पद्धति स्वीकारली आणि रस्त्यांवरील मैलांचे दगड हळूहळू किलोमीटरचे झाले. मैलांच्या तबकडीवरील 40 म्हणजे सुमारें 64 किलोमीटर. हें विसरणारा चालक स्वतःस व रस्त्यावरील पोराबाळांस धोक्यांत घालतो. म्हणून सबंध यंत्रच नवें बसविण्याचा मोह होतो. परंतु जुन्या तबकडीच्या लहानशा खिडकींत गाडीनें तोडलेल्या मैलांचा हिशेब असतो. नवें यंत्र शून्यापासून मोजूं लागतें, आणि जुनें भंगारांत गेलें कीं तो हिशेब कायमचा पुसला जातो.

सुरक्षितता आणि इतिहास यांपैकीं एकाचा त्याग करण्याचें कारण नाहीं. आंतील यंत्र दुरुस्त करावें, तबकडी मूळचीच ठेवावी आणि शेजारीं किलोमीटरचे आंकडे दाखविणारी चिठ्ठी लावावी. यंत्र बदलणें अपरिहार्यच झालें, तर तें काढतेवेळचे मैल व तारीख गाडीच्या कागदपत्रांत नोंदवून जुनें यंत्र जपून ठेवावें. म्हणजे पुढील धन्यास गाडीबरोबर तिची खरी हकीकतही मिळेल.