नवकंकरीचा बटवा : चामड्याचा एक तुकडा, दोन कामं

नवकंकरीचा बटवा म्हणजे गोल कापलेला चामड्याचा एकच तुकडा. कडेच्या भोकांतून ओवलेल्या दोऱ्या ओढल्या की बटवा होतो, सैल करून पसरला की आत नवकंकरीचा पट. सोंगट्या बटव्यातच राहतात. वर चिल्लर, किल्ल्या, इअरफोनही मावतात. शिवण कुठेच नसल्याने मशीन लागत नाही. बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी चार पोरापोरींनी एकत्र बसून करावं असं हे काम आहे.

सगळी मदार चामड्यावर आहे. शेळीचं, साधारण १ मिलिमीटर जाडीचं चामडं घ्यावं. त्याहून जाड असेल तर चुण्या पडत नाहीत. बाजारात बहुतेक माल क्रोमने कमावलेला असतो. तो मऊ असतो, पण त्यावर दाबलेली रेघ टिकत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्यावर ओलसर असताना रेघ दाबली, तर वाळल्यावरही ती तशीच राहते. कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेने याच दोन गोष्टींनी कमावतात. ज्या गावाच्या नावातच बाभूळ आहे, तिथे हे सांगावं लागतंय ही गंमतच.

२८ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आखून रापीने कापा. कात्रीने कड दातेरी होते. कडेपासून दीड सेंटिमीटर आत २४ भोकं पाडा, दोन भोकांत सुमारे ३.३ सेंटिमीटर अंतर येतं. सव्वा मीटरच्या दोन दोऱ्या घ्या. एक दोरी एका भोकातून सुरू होऊन पूर्ण फेरी मारून तिथेच बाहेर येते, दुसरी बरोबर समोरच्या भोकातून. दोन्ही बाजूंनी ओढलं की तोंड घट्ट मिटतं.

पट गुळगुळीत बाजूवर, म्हणजे बटव्याच्या आत येतो. ओल्या फडक्याने चामडं दमट करा, भिजवू नका. १५, १० आणि ५ सेंटिमीटर बाजूचे तीन चौरस एकात एक, पट्टी धरून बोथट टोच्याने दाबा आणि चारही बाजूंचे मध्यबिंदू आडव्या-उभ्या रेघांनी जोडा. आतला चौरस मोकळा ठेवा. किल्ल्यांच्या, देवळांच्या दगडांवर कोरलेला पट तुम्ही पाहिला असेल, तोच हा.

सोंगट्या प्रत्येकी नऊ. चपलेच्या तळाच्या कात्रणांतून १.८ सेंटिमीटरच्या चकत्या काढून दोन-दोन चिकटवायच्या : नऊ जोड्यांची गुळगुळीत बाजू बाहेर, नऊंची खडबडीत. रंग लागत नाही, आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्यालाही बोटांनी आपली सोंगटी कळते. मला या वस्तूतला हा भाग सगळ्यात आवडतो.

पण आपल्या घरांत चामडं म्हटलं की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती उगाच नाही. मार्च १९२७च्या महाड परिषदेपासून मेलेली ढोरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडण्याची हाक होती. ते सोडल्याने वर्षाला ५०० रुपये बुडतात, असा हिशोब एकाने 'केसरी'त मांडला होता. मग तुम्हीच ते काम करा आणि पैसे घ्या, असं बाबासाहेबांनी त्याला सुनावलं. १५ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी हा किस्सा सांगितला. नकार होता तो जन्माने लादलेल्या कामाला. स्वतः निवडलेली, मोजून पैसे घेऊन केलेली कारागिरी त्यात बसवणं मला पटत नाही. मात्र रापी-आरीचं कसब चर्मकार आणि ढोर समाजातल्या कारागिरांनी जपलंय. त्यांच्याकडे शिकायला जाल, तर "काका, जरा दाखवा ना" एवढ्यावर भागवू नका. प्रशिक्षकाला देता तसं मानधन द्या.

धम्माच्या बाजूने विचाराल, तर अंगुत्तर निकायात वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष आहेत. चामड्याचं नाव नाही. महावग्गातला चम्मक्खंधक तर पादत्राणं आणि कातड्यांबद्दलच आहे. मेंढ्याच्या शिंगांसारखी टोकं काढलेल्या वहाणा भिक्खूंना मना केल्या, म्हणजे तेव्हाही कुणीतरी त्या हौसेने बनवत होतंच! तरीही पाणातिपाताच्या विचाराने चामडं नको वाटत असेल, तर रबराची शीट वापरा. सुधीर राजभर यांचा मुंबईतला चमार स्टुडिओ पुनर्वापराच्या रबरापासून बॅगा करतो, आणि शिवीसारखा फेकला जाणारा शब्द त्यांनी ब्रँड म्हणून लावलाय. रबरावर रेघ दाबली जात नाही, पट रंगवावा लागेल.

राहिला तो आतला ५ सेंटिमीटरचा मोकळा चौरस. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या. ओरड झाल्यावर मूळ मान्य केलं. म्हणून त्या चौरसात चामडं ओलं असतानाच करणाऱ्याचं नाव, गाव आणि वर्ष दाबून घ्या.