आर्द्रता, जकात आणि अभिरुची : लंडनमधील हॅवाना सिगारांच्या साठवणीविषयी एक विचार

सिगार कशी जपावी या विषयावरील लेखनात एक समजूत वारंवार आढळते. सापेक्ष आर्द्रता 70 टक्के आणि उष्णतामान 70 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 21 अंश सेल्सिअस, हे प्रमाण रसिक धूम्रपान करणाऱ्यांनी दीर्घ अनुभवाने शोधून काढले, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखकास ही समजूत अपुरी वाटते. तंबाखूतील पाणी आकड्यांत मोजण्याची निकड, निदान इंग्लंडात, प्रथम भासली ती सरकारी खजिन्यास. रसिकाचा आर्द्रतामापक पुष्कळ मागाहून आला. इतकेच नव्हे, तर ज्या इंग्रजी अभिरुचीचा एवढा बोलबाला आहे तिच्या घडणीतही जकातीचा काही वाटा असावा.

प्रथम वस्तूचा स्वभाव पाहू. तंबाखूचे पान भोवतालच्या हवेतून पाणी शोषते व हवा कोरडी झाली की ते सोडते. क्यूबातील पिनार देल रिओ प्रांतात, व्हुएल्टा अबाहो या प्रदेशात, उत्तम पान पिकते. वळण्यापूर्वी ते ओलसर करून मऊ करावे लागते. एरवी त्याचा चुरा होतो. त्यामुळे नुकत्याच वळलेल्या सिगारीत गरजेहून अधिक पाणी असते, आणि ते निघून जावे म्हणून कारखान्यातील देवदारी कपाटांच्या दालनात तिला काही काळ विसावा देतात. या लाकडास 'देवदारी' म्हणण्याचा प्रघात असला, तरी हिमालयातील देवदाराशी त्याचे काही नाते नाही. सीड्रेला ओडोराटा हा वृक्ष कडुनिंबाच्या कुळातील असून आपल्याकडील तून हा त्याचा जवळचा आप्त होय. जुन्या वनस्पतिग्रंथांत तूनही सीड्रेला याच प्रजातीत घातलेला आढळतो. हे लाकूड पाणी हळूहळू घेते व हळूहळू देते, आणि त्याचा वास किडीस रुचत नाही. सिगारी या लाकडाच्या पेटीत घालून परदेशी धाडण्याची चाल 1844 साली हॅवानात आपली मुद्रा स्थापन करणाऱ्या हेर्मान उपमानने पाडली, असे परंपरा सांगते.

हॅवानाच्या समुद्री हवेत पेटी सुखाने राहते. लंडनच्या हिवाळ्यात मात्र निराळाच प्रकार होतो. शून्य अंशावरील पूर्ण संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये जेमतेम 4.8 ग्रॅम वाफ मावते. तीच हवा खोलीत घेऊन शेगडीने 20 अंशांपर्यंत तापविली, तर तिची धारणशक्ती 17 ग्रॅमांच्या वर जाते. पाणी मात्र तेवढेच राहते. बाहेर धुके दाटलेले असताना आत सापेक्ष आर्द्रता 28 टक्क्यांवर उतरते, ती अशी. लंडन शहर दमट खरे, पण तेथील दिवाणखाना कोरडा.

आता जकातीकडे वळू. ब्रिटनमध्ये तंबाखूवरील कर वजनावर असे, आणि कर जबर असल्यामुळे पाणी हा भेसळीचा सर्वांत स्वस्त पदार्थ ठरला. 1842 च्या कायद्याने तंबाखूत इतर पदार्थ मिसळण्यास बंदी केली. त्याच्या अंमलबजावणीसाठी त्याच वर्षी अबकारी खात्याने जॉर्ज फिलिप्स यांच्या हाताखाली एक प्रयोगशाळा काढली. पुढे सरकारी रसायनशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा म्हणून जी नावारूपास आली ती हीच. एका थोर शास्त्रीय संस्थेचा उगम विडीकाडीच्या भेसळीत असावा, हे थोडे गमतीचे आहे.

ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना 1863 साली झालेला कायदा आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. कच्च्या पानात शेकडा 10 किंवा अधिक पाणी असेल तर रत्तलास 3 शिलिंग, त्याहून कमी असेल तर 3 शिलिंग 6 पेन्स, असे दोन दर त्याने ठरविले. यातील मर्म हिशेबाने उघड होते. शेकडा 10 पाणी असलेले 100 रत्तल पान सोडविण्यास 300 शिलिंग पडत. व्यापाऱ्याने ते सुकवून पाणी शेकडा 5 वर आणले, तर वजन 94.7 रत्तल भरे. एकच दर असता तर त्याची जकात सुमारे 284 शिलिंग झाली असती, आणि सुटलेल्या मालावर मागाहून पाणी शिंपडण्यास तो मोकळा होता. वाढीव दराने मात्र हाच आकडा 331 च्या पुढे जाई. कोरडेपणाचा लाभ अशा रीतीने कायद्याने बुजविला.

तयार सिगारीस मात्र हा भेद लागू नव्हता. तिच्यावर सरसकट रत्तलामागे 5 शिलिंग जकात होती. शिवाय जकातीच्या कुलपाखालील वखारीत ठेवलेल्या तंबाखूचे वजन माल उतरविताना नव्हे, तर बाहेर काढताना धरले जाई. कर वजनावर, विक्री मात्र नगावर! वखारीत पडून सिगारीतील जेवढे पाणी उडाले, तेवढी जकात वाचली. नग एकही कमी झाला नाही. पानाच्या व्यापाऱ्यास जो मोह कायद्याने बंद केला होता, तो सिगारीच्या व्यापाऱ्यास खुला राहिला. इंग्रज गिऱ्हाइकास दीर्घकाळ मुरलेली, अंगाने कोरडी सिगार आवडते आणि अमेरिकनास ताजी, असा भेद पुढे सर्वत्र सांगितला जाऊ लागला. त्याची मुळे केवळ जिभेत शोधणे आम्हांस धाडसाचे वाटते.

अर्थात हे अनुमान आहे, आणि त्याविरुद्ध एक सबळ आक्षेप घेता येतो. ताज्या सिगारीत आंबवणीतून उरलेला अमोनिया असतो व तो मुरवणीत निघून जातो. तेव्हा मुरवल्याने धूर खरोखरच सौम्य होतो. हे मान्य केले पाहिजे. पण वखारीचे भाडे आणि गुंतलेल्या भांडवलाचे व्याज सोसून व्यापारी माल वर्षानुवर्षे का ठेवी, या प्रश्नाचे उत्तर केवळ चवीने मिळत नाही. करातील बचतीने त्या भाराचा काही अंश तरी हलका झाला असणार. जकातीने चव निर्माण केली नाही. तिने त्या चवीस परवडण्याजोगे केले, एवढेच आमचे म्हणणे आहे.

रसिकाचे यंत्र यानंतरचे. केशतंतूचा आर्द्रतामापक जिनीव्हाच्या सोस्यूरने 1783 सालीच वर्णिला होता. पण सिगारीच्या पेटीचा आर्द्रतादर्शक इंग्रजी शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला. त्याच जिनीव्हात झिनो दाविदॉफ याने क्यूबाहून परतल्यावर, सुमारे 1930 मध्ये, दुकानाच्या तळघरात क्यूबाची हवा उभी केली. घरोघर मध्यवर्ती तापनयंत्रणा आल्यावर तर पेटी अपरिहार्यच झाली. मापकाची पारख करण्याची रीत फार साधी आहे : ओलसर मिठाबरोबर तो बंद भांड्यात ठेवावा; काही तासांनी काटा 75 वर आला पाहिजे. 70 आणि 70 ही जोडी मात्र फॅरनहाइटच्या मापातच शोभते, सेल्सिअसमध्ये तिचा डौल जातो. लक्षात ठेवण्याची सोय हेच तिच्या लोकप्रियतेचे कारण असावे, कारण 65 टक्केच बरे असे म्हणणारे जाणते लोकही थोडे नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न उलटा होतो. 'चिरूट' हा शब्द मराठीत ज्या तमिळ मुलखातून आला, तेथील तिरुचिरापल्लीचा चिरूट व दिंडिगलची सिगार एकोणिसाव्या शतकात इंग्लंडपर्यंत पोहोचली होती. परंतु मुंबईत जुलै महिन्यात हवेची आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास असते. तेथे पेटीत पाणी घालावयाचे नसून काढावयाचे असते, नाहीतर सिगारीवर बुरशी धरते. त्यातच उष्णतेमुळे लासिओडर्मा या तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी उबतात, आणि पेटी उघडावी तो सिगारीस सुईने टोचल्यासारखी भोके दिसतात. लंडनच्या दुकानदाराची पुस्तिका येथे शब्दशः पाळणाऱ्याची गत अशी होते.