गिऱ्हाइकाची वही

गेल्या गणपतीत आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. आजोळ गोव्याचे, त्यामुळे पोर्तुगीज पारपत्र मिळवून तो इंग्लंडात गेला आणि स्विंडन गावी त्याने भारतीय जेवणाचे 'टेकअवे' चालवायला घेतले. म्हणजे बसून खाण्याची सोय नाही. ऑर्डर द्यायची आणि जेवण घरी न्यायचे किंवा मागवायचे. धंदा कसा चाललाय असे विचारले, तर म्हणाला, "सर, मसाला मी भाजतो, भांडी मी घासतो, गिऱ्हाईक मात्र माझं नाही." इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य स्वस्थ बसू देईना.

विलायतेतल्या या धंद्याची सुरुवात पार १८१० पर्यंत मागे जाते. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले आणि कंपनी सरकारच्या बंगालच्या फौजेत वाढलेले शेख दीन मुहम्मद यांनी त्या वर्षी लंडनच्या पोर्टमन चौकाजवळ, जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढले. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या साहेबांना तिथे आपल्या पद्धतीचे कालवण मिळे, हुक्काही मिळे. आणि आगाऊ कळवले तर जेवण घरपोच होई! म्हणजे घरपोच जेवणाची कल्पना टेलिफोनच्याही आधीची. दोन वर्षांत, १८१२ साली, दीन मुहम्मदांचे दिवाळे निघाले. पुढे ब्रायटनला औषधी स्नान आणि चंपीचा व्यवसाय काढून ते नावारूपाला आले, पण ती कथा वेगळी.

खरा पाया घातला तो सिल्हेटच्या खलाशांनी. बोटींच्या भट्टीत कोळसा ओढून कंटाळलेले हे लोक लंडनच्या गोदीत उतरत आणि उपाहारगृहांत भांडी घासता घासता स्वयंपाक शिकत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आयूब अली नावाच्या गृहस्थांचे पूर्व लंडनमधले कॉफी हाउस हा त्यांचा आसरा होता. ते त्यांचे अर्ज लिहून देत, पत्रे लिहून देत. लोक त्यांना 'मास्टर' म्हणत. (आमच्या पेशाला कुठेतरी मान मिळाल्याचे वाचून बरे वाटते.) पुढे ब्रिटनभर जी हजारो 'इंडियन' दुकाने झाली, त्यांतली बहुसंख्य याच सिल्हेटी, म्हणजे आताच्या बांगलादेशी लोकांची.

या दुकानांचे भांडवल म्हणजे तंदूर, फ्रीझर आणि टेलिफोनजवळची एक वही. दारोदार मेनूची पत्रके टाकायची, फोन आला की नाव-पत्ता वहीत उतरवायचा. अमक्या गल्लीतल्या म्हातारीला तिखट कमी, तमक्याला शुक्रवारी रात्री कोकराचे मटण, हे सारे त्या वहीत नाहीतर मालकाच्या डोक्यात. गिऱ्हाईक आणि चूल यांच्यामध्ये तिसरा कोणी नव्हता.

तो तिसरा आला २००६ साली. डेन्मार्कमध्ये २००१ साली निघालेली 'जस्ट ईट' कंपनी त्या वर्षी ब्रिटनमध्ये उतरली. एका पडद्यावर गावातली सगळी दुकाने. सोय मोठीच होती, आणि नवे गिऱ्हाईकही येऊ लागले. ते नाकारण्यात अर्थ नाही. दलाली मात्र पुढे शेकडा १४ च्या घरात गेली, वर २० टक्के व्हॅट. वीस पौंडांच्या ऑर्डरवर ३ पौंड ३६ पेन्स. महिन्याला अशा चारशे ऑर्डरी धरल्या तर १,३४४ पौंड! आणि पोहोचवणारा पोऱ्या कंपनीचा असेल तर दलाली याहूनही पुष्कळ जास्त.

हिशेब ऐकताना मला वडिलांची पट्टी आठवली. आमचा गूळ बाजारात गेला की अडत्याची पट्टी हाती येई. तीत अडत, हमाली, तोलाई वजा होऊन शेवटी एक केविलवाणा आकडा उरलेला असे. वडील चिडत. पण अडत्या दर खेपेला नवा खरेदीदार उभा करी, हे तेही मान्य करत. इथला प्रश्न निराळा आहे. पहिल्यांदा गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल दलाली द्यावी, हे समजते. पण समोरच्या गल्लीतला तोच माणूस शंभराव्यांदा तीच डाळ मागवतो, तेव्हा कंपनीने नेमके काय आणले? वही त्यांच्याकडे गेली, म्हणून शंभराव्या खेपेचीही दलाली चुकत नाही.

'कमिशनमुक्त' म्हणवणाऱ्या व्यवस्था निघाल्या त्या याच ठिकाणी. दुकानाच्या स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ, ऑर्डर थेट स्वयंपाकघरातल्या यंत्रावर छापून येणार, पैसे थेट दुकानाच्या खात्यात. सेवा देणाऱ्याला महिन्याचे ठरीव पैसे, शिवाय कार्डाचा किरकोळ आकार. फुकट काहीच नाही. पण विक्री दुप्पट झाली म्हणून भाडे दुप्पट होत नाही. मुंबईचे डबेवाले १८९० पासून याच न्यायाने चालत आले आहेत. डब्यात पुरणपोळी असो की नुसती भाकरी, महिन्याचा दर तोच.

आपल्याकडेही ही कुरबुर झालीच. ऑगस्ट २०१९ मध्ये अनेक उपाहारगृहांनी सवलतींचा जाच नको म्हणून झोमॅटोसारख्या कंपन्यांच्या काही योजनांमधून अंग काढून घेतले होते, आणि एप्रिल २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने झोमॅटो व स्विगी यांच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेश दिला.

माझ्या विद्यार्थ्याने आता स्वतःची व्यवस्था बसवली आहे. कंपनी सोडायची मात्र छाती होत नाही, कारण नवखे लोक तिथेच शोधतात. म्हणून प्रत्येक पुडक्यात तो एक चिठ्ठी घालतो : पुढच्या वेळी थेट आमच्याकडे मागवा, लोणचे आमच्यातर्फे. निम्मे लोक तरी वळलेत, म्हणाला.

निघताना त्याने आणखी एक सांगितले. दुकान घेतले तेव्हा जुन्या सिल्हेटी मालकाने जाड पुठ्ठ्याची एक वही त्याच्या हाती दिली होती. तेलाचे डाग पडलेली, वीस वर्षांचे पत्ते असलेली. "आता हिचा काय उपयोग, असं वाटलं सर. रद्दीत टाकली."