सातपुड्याच्या पायथ्याचे पानमळे

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात मे महिन्यात पारा ४३ अंशांपलीकडे चढतो. तरीही जळगाव जामोदच्या परिसरात बारी समाजाने नागवेल पिढ्यानपिढ्या जोपासली. ही वेल मूळची मलाया द्वीपसमूहाकडच्या दमट रानातली. तिला कायमची ओल आणि पानांतून गाळून आलेले ऊन लागते. त्यामुळे इथे पानाच्या आधी सावली पेरावी लागली.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी मचूळ; पानवेलीला ते सोसत नाही. सातपुड्यातून वाहून आलेल्या गाळाच्या पट्ट्यात मात्र गोडे पाणी मुबलक होते, म्हणून मळे डोंगराच्या कडेने वसले. त्यांच्या जुन्या नोंदी अकोला जिल्ह्याच्या दप्तरात शोधाव्या लागतात, कारण जळगाव तालुका १९०५ मध्ये बुलढाण्याला जोडला गेला.

मळा धरताना आधी शेवरी, शेवगा, पांगारा यांच्या रांगा उभ्या करतात. झाडे पुरेशी वाढली की त्यांच्या बुडाशी वेलीच्या कांड्या लावतात. भोवताली तुराट्यांचा कूड घातला की उन्हाळी झळा आत शिरत नाहीत. खरे कसब पुढे लागते. वेल शेंड्याला पोचली की ती अलगद सोडवून खाली घेतात, वेटोळे करून मातीत दाबतात आणि फक्त शेंडा पुन्हा झाडाला बांधतात. पुरलेल्या पेरांना नवी मुळे फुटतात. जुनी वेल पुन्हा तरणी होते.

या पेरांचीच एक कथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातींवरच्या ग्रंथात नोंदवली. पांडवांच्या यज्ञासाठी पाने हवी होती, तेव्हा नागराणीने करंगळीचे पेर कापून दिले; ते पेरले आणि वेल उगवली. बी न धरता पेरातून वाढणाऱ्या वेलीचे इतके नेमके निरीक्षण कथेत क्वचितच सापडते. नागपंचमीला मळ्यात नागाची पूजा होई आणि त्या दिवशी एकही पान खुडले जात नसे.

पुढे केळी-संत्र्यांसाठी बोअर वाढले, पायथ्याचे पाणी खोल गेले. मर रोगाने उभे मळे बसवले. आता महाराष्ट्रात काही ठिकाणी शेडनेटखाली पानवेल घेतात. जाळी ऊन अडवते. वेलीला आधार, मातीला पाला आणि मुळांना नत्र मात्र शेवरीच देते.