लॉराची बाजू

मैत्रिणींनो, खुनाच्या सिनेमात बाई बहुतेकदा मेलेलीच असते. 'लॉरा'ही तसाच सुरू होतो. व्हेरा कॅस्परी या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी १९४३ची. १९४४मध्ये ऑटो प्रेमिंजरनं तिच्यावर सिनेमा काढला. लॉरा जाहिरात कंपनीत नोकरी करून स्वतःच्या पायावर उभी असलेली. तिच्या खुनाचा तपास चालू असतानाच एका रात्री तीच दार उघडून घरात येते! मेलेली दुसरीच. कादंबरीत पुढची हकीकत लॉरा स्वतः सांगते. सिनेमात ते गेलं. सुरुवातीलाच आवाज येतो वाल्डोचा, म्हणजे खुन्याचा. (सांगून टाकलं, माफ करा!) लॉराच्या चित्रणावरून कॅस्परी प्रेमिंजरशी भांडली. सिनेमा गाजला, छायाचित्रणाला ऑस्करही मिळालं. आम्हाला मात्र पुस्तकातली बोलणारी लॉराच जवळची वाटली.